उल्लेखनीय काही नाही

पत्र आलं मंगळवारी, पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यातून.
हडर्सफील्डच्या इस्पितळाचा निळा शिक्का.
चष्मा पुसला, पेन्सिल घेतली.
बत्तीस वर्षं सांगलीच्या छापखान्यात मुद्रितं तपासली,
पेन्सिलीशिवाय मला वाचताच येत नाही.

हृदय : अनरिमार्केबल.
फुप्फुसं : अनरिमार्केबल.
यकृतही तसंच.

डिक्शनरी काढली.
'ज्याची दखल घ्यावी असं काही नसलेलं.'
राग आला, खरं सांगतो.
एकाहत्तर वर्षं धडधडतंय बिचारं,
शैलजाच्या शेवटच्या दुखण्यात तर
पंधरा दिवस नुसतं घशाशीच होतं,
आणि ह्यांना त्यात लिहिण्याजोगं काही सापडलं नाही?
समासात प्रश्नचिन्ह टाकलं.

निरंजन कामावरून आला, वाचून हसला.
"बाबा, ह्याहून चांगलं ते लिहीतच नाहीत."
खालच्या ओळीवर बोट ठेवलं : निगेटिव्ह.
"हेही चांगलं."
आणि पॉझिटिव्ह असतं तर?
"ते वाईट."
भिंतीवर तर ह्यांच्याच चित्रात सूर्य उगवतो,
खाली लिहिलेलं असतं, पॉझिटिव्ह राहा.

नर्सबाई चांगल्या. नाव शिवॉन,
मी मनात शिवानी म्हणतो.
"एक ते दहा, गुडघा किती दुखतो?"
कुठल्या दुखण्याला आकडा देऊ?
जिना उतरताना कळ येते, ती एक.
रात्री ठणकतो, ते वेगळं.
आणि आभाळ भरून आलं की दुखत नाही हो,
नुसता बोलतो.
त्या थांबल्या होत्या, बोटं कीबोर्डवर.
सहा म्हणालो.
सहा म्हणजे आमच्याकडे फर्स्ट क्लास.

गोळ्या दोन. पांढरी उपाशीपोटी,
चहाच्या आधी अर्धा तास,
गुलाबी जेवणाबरोबर.
डबीतला कागद उलगडला तर उपरण्याएवढा.
'झोप येऊ शकते. झोप न येऊ शकते.
बद्धकोष्ठ. जुलाब.'
सवयीने समासात लिहिलं :
मजकूर परस्परविरोधी, लेखकास विचारावे.

लेखक कुठे भेटणार? केमिस्टकडे गेलो.
काउंटरवर कॅलम नावाचा पोरगा, मिसरूडही धड नाही.
विचारलं, दोन बिस्किटं म्हणजे जेवण का?
मागे रांग होती, कोणीतरी खाकरलं.
तो हसला नाही.
थोडा विचार केला त्याने, आणि म्हणाला,
"नाही. पण चांगलं झालं विचारलंत."
घरापर्यंतचा चढ त्या दिवशी हलका लागला.

संध्याकाळी कुंपणाच्या दगडी भिंतीवरून डोरीनबाईंनी हाक मारली.
त्यांच्याही हातात पत्र, तोच निळा शिक्का.
'काळजीचं कारण नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा यावे.'
"कारण नाही तर पुन्हा कशाला?"
मला विचारत होत्या.
ही भाषा त्यांनी आईच्या दुधाबरोबर घेतलेली,
गिरणीत सुतावर चाळीस वर्षं बोललेली,
आणि अर्थ विचारायला आल्या माझ्याकडे,
मी पेन्सिलवाला म्हणून.

भुरभुर सुरू झाली, अक्षरं फुगायला लागली.
आत घेतलं त्यांना.
दोनदा वाचलं, उलटसुलट.
'पुन्हा'खाली रेघ मारली. त्याहून जास्त मला कळलं नाही,
आणि तसं सांगितलं.
मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या माझ्या पत्राकडे गेलं.
हृदयाखाली हे ठिपके कसले?

छापखान्यात, म्हटलं, एखादा शब्द खोडायला घ्यावा
आणि मग वाटावं, नको, बरोबर आहे,
तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे.
म्हणजे, आहे तसं राहू द्या.

बराच वेळ बघत राहिल्या.
"माझ्यालाही द्या ना."
नाही दिले.
सहा आठवडे आहेत अजून.

उद्या आठाच्या ठोक्याला माझ्याच फोनवरून लावणार आहोत.
'तुम्ही रांगेत सतरावे आहात,' ती बाई सांगेल,
आणि बासरी वाजायला लागेल.
डोरीनबाई स्कोन आणणार, मी चहा टाकणार.
पांढरी गोळी साडेसातला.